पद्मिनीत जिप्सीचं १३०० इंजिन: काय काय बदलावं लागेल?

इंदिरानगर_फियाट

नमस्कार मंडळी. गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८६, पेट्रोल, कॉलम गिअर (लिव्हर स्टिअरिंगजवळ). बॉडी ठणठणीत आहे, फक्त पुढच्या डाव्या जॅक पॉइंटला पत्रा लावलेला आहे. मूळ १०८९ सीसी इंजिन नाशकात ठीक चालतं, पण कसारा चढताना दम टाकतं. दुसऱ्या गिअरवर आणावं लागतं आणि इगतपुरी येईपर्यंत पाण्याचा काटा लाल पट्टीला टेकतो. रेडिएटरचं रॉडिंग (आतल्या नळ्यांची सफाई) गेल्या वर्षीच झालंय. धूर फारसा नाही.

गॅरेजवाल्याचं म्हणणं, यात आता पैसे घालू नका, जिप्सी किंग एमपीएफआयचं (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवालं) इंजिन गिअरबॉक्ससकट टाका, आठ दिवसांत गाडी देतो. आठ दिवसांत हे होतं का? एस्टीमचं इंजिन स्वस्तात मिळतंय, ते चालेल का? ईकोचं कसं? आणि आरटीओत काय करावं लागतं? ज्यांनी ही कामं केलीत किंवा जवळून पाहिलीत त्यांनी नीट सांगावं, कारण एकदा पत्रा कापला की मागे फिरता येत नाही.

त्र्यंबकरोड

आठ दिवसांत इंजिन गाडीत उभं राहतं. गाडी रस्त्यावर भरवशाने चालायला दोन-तीन महिने धरा.

निवड जिप्सीचीच बरोबर आहे, आणि कारण गिअरबॉक्स आहे. एस्टीममध्ये इंजिन आडवं आणि पुढची चाकं ओढणारी. ब्लॉक एकाच घराण्यातला असला तरी चेंबर (इंजिनखालची तेलाची टाकी), ऑइल पिकअप (तेल ओढणारी नळी), फाउंडेशन (इंजिन धरणारे आधार) आणि इनटेकची मांडणी आडव्या बसवणीसाठीची. ती सगळी जिप्सीची शोधून लावेपर्यंत स्वस्ताई संपते. ईकोचं इंजिन गाडीच्या लांबीत बसलेलं आहे आणि मागची चाकं ढकलतं, पण ते सीटखाली मावावं म्हणून तिरकं रचलेलं आहे. पद्मिनीच्या बोनेटखाली ते सरळ उभं केलं की चेंबरमधल्या तेलाची पातळी पिकअपच्या तोंडापासून सरकते, आणि वळणावर तेलाचा दाब पडतो.

जिप्सीत गिअरबॉक्स आणि फोर व्हीलचा ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) वेगवेगळे आहेत, मध्ये एक आखूड शाफ्ट असतो. ट्रान्स्फर बाजूला ठेवला की गिअरबॉक्सच्या मागे थेट फ्लँज (बोल्टने जोडायची चकती) मिळते, आणि तिथून प्रोपेलर शाफ्ट मागच्या एक्सलला नेता येतो. गिअर पाच: ३.६५२, १.९४७, १.४२३, १.०००, ०.७९५. इंजिन १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, ८० अश्वशक्ती, १०३ न्यूटन मीटर. म्हणजे तुमच्या मूळ इंजिनाच्या जवळपास दुप्पट ताकद. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, त्यामुळे मूळच्या बिडाच्या ब्लॉकपेक्षा नाक हलकं होतं. पुढून गाडी थोडी वर उचललेली दिसेल, स्प्रिंग बघावे लागतील.

इंजिन घेताना सुटं घेऊ नका. इंजिन, गिअरबॉक्स, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), न कापलेलं पूर्ण वायरिंग, ॲक्सिलरेटर केबल, फ्यूएल पंप, अल्टरनेटर, रेडिएटरचा पंखा, क्लच केबल, गिअर लिव्हर आणि सगळी फाउंडेशनची रबरं एकाच गाडीतून आली पाहिजेत. वायरिंग कापून दिलेलं इंजिन अर्ध्या किमतीत मिळालं तरी घेऊ नका. इमोबिलायझर असेल तर किल्ली आणि त्याचा डबाही जोडीनेच हवा.

पण ब्रेक आधी. चारही ड्रम, एकच सर्किट, बूस्टर नाही, अशा गाडीला दुप्पट ताकद देणं चुकीचं आहे. पुढे डिस्क, दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर आणि बूस्टर हे काम इंजिनाच्या अगोदर. बूस्टरची व्हॅक्यूम इनटेक मनीफोल्डवरून घ्या आणि मध्ये एकदिशा व्हॉल्व्ह विसरू नका.

पेठरोड_फाईल

वरच्या पोस्टमधलं तांत्रिक बरोबर आहे. पण ॲडव्हान्स द्यायच्या आधी हे वाचा.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. उत्पादकाने जे तपशील दिलेत त्यांच्याशी आरसी बुकातले तपशील विसंगत होतील असा फेरफार मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच बाजू उचलून धरली. सीएनजी किंवा बॅटरीच्या मान्यताप्राप्त किटला त्याच कलमात वाट आहे. दुसऱ्या कंपनीचं, वेगळ्या सीसीचं पेट्रोल इंजिन त्या वाटेत बसत नाही. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन बदललं तर परवानगी घेऊन नवा इंजिन नंबर आरसीवर चढतो. पद्मिनीत पद्मिनीचं इंजिन म्हणजे हे. पद्मिनीत जिप्सीचं म्हणजे फेरफार. शिक्षा कलम १८२अ मध्ये आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

दंड भरून सुटेन असं मनात असेल तर इन्शुरन्सचा विचार करा. अपघातात समोरच्याला इजा झाली आणि सर्व्हेअरने बोनेट उघडलं, की इंजिन नंबर जुळत नाही हे पहिल्या मिनिटाला दिसतं. १९८६ ची गाडी म्हणजे दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. पेठ रोडच्या आरटीओत तपासणीला नेली की चॅसिस नंबरची पेन्सिल छाप घेतात, इंजिन नंबर पाहतात. तिथे गाडी अडकते.

आणखी एक. ५० वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणी आहे, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. अट अशी की चॅसिस, बॉडी शेल आणि इंजिन मूळ स्वरूपात हवं. तुमच्या गाडीला २०३६ मध्ये ५० पूर्ण होतात. मूळ इंजिन भंगारात दिलंत तर तो दरवाजा बंद.

म्हणून क्रम असा ठेवा: नियोजित बदलाचा अर्ज लेखी, उत्तरही लेखी, मग पत्र्याला हात. तोंडी 'होऊन जाईल' म्हणणाऱ्या एजंटाच्या भरवशावर टनेल (गिअरबॉक्सवरचा जमिनीतला पत्र्याचा उंचवटा) कापू नका. परवानगी मिळाली नाही तर ती गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणायची नाही, फक्त खासगी जागेत. आणि सेकंडहँड इंजिन घ्याल तेव्हा पक्कं बिल, त्यावर इंजिन नंबर, मूळ गाडीच्या आरसीची प्रत आणि तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागा. नंबरवर ग्राइंडर फिरलेला दिसला तर तिथून निघा.

अंबड_लेथ

कागदाचं वर आलंच आहे. मी बसवणीचं सांगतो.

पहिल्यांदा रिकामा ब्लॉक, हेड (ब्लॉकवरचा व्हॉल्व्हचा भाग), चेंबर आणि गिअरबॉक्स एवढंच जोडून गाडीत टांगा. वेल्डिंग नाही, फक्त चेन पुली आणि लाकडी ठोकळे. चार ठिकाणी बोट फिरवून बघा: चेंबर आणि पुढचा क्रॉसमेंबर, चेंबर आणि स्टिअरिंगचा मधला दांडा, हेडचा मागचा भाग आणि फायरवॉल, एक्झॉस्ट मनीफोल्ड आणि स्टिअरिंग बॉक्स. सगळीकडे किमान २० मिमी हवं, कारण इंजिन रबरावर हलतं. स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण फिरवून बघा. मनीफोल्डचं ठरायच्या आधी फाउंडेशन वेल्ड केलं की नंतर पाइप स्टिअरिंग बॉक्सच्या अंगावर जातो, आणि आतलं ग्रीस वितळून गळतं. हे नेहमी होतं.

फाउंडेशनचे ब्रॅकेट ५ किंवा ६ मिमी प्लेटचे. बॉडीचा पत्रा पातळ आहे, त्यावर सरळ वेल्ड मारला तर वेल्ड राहतो आणि पत्रा फाटतो. आधी ३ मिमीची दुहेरी पट्टी, कडा गोलसर, मग त्यावर ब्रॅकेट. गिअरबॉक्सखालचा आडवा सपोर्ट मात्र बोल्टचा करा, नाहीतर क्लच प्लेट बदलायला ग्राइंडर लागेल. तुमचा डावा जॅक पॉइंट एकदा दुरुस्त झालाय म्हणता, तिथून पुढे चेसीच्या पट्टीत टोच्याने ठोकून बघा. वेल्डिंगच्या वेळी बॅटरीची दोन्ही टोकं काढा आणि ईसीयू गाडीत ठेवू नका.

टनेल कापावाच लागेल, कारण कॉलम गिअर जातो आणि लिव्हर जमिनीतून येते. पुढची सलग सीट असेल तर लिव्हरचा दुसरा आणि चौथा गिअर सीटच्या कडेला लागतो. लिव्हर वाकवून घ्या, सीट कापू नका. जिप्सीचा क्लच केबलचा आहे, पेडलपासून केबलपर्यंतचा हात नवा करावा लागतो. जुन्या हाताच्या लांबीचं प्रमाण न बघता केला तर क्लच अर्धाच सुटतो, रिव्हर्स कुरकुरतो आणि लोक गिअरबॉक्सला दोष देतात.

प्रोपेलर शाफ्ट नवाच. जिप्सीच्या गिअरबॉक्सला फ्लँज आहे, म्हणजे मागचा स्प्रिंगपाटा दबताना लांबी कमी-जास्त व्हायची सोय शाफ्टमध्येच हवी. माप गाडी चाकांवर उभी असताना घ्या, जॅकवर नाही, आणि दोन्ही बाजूंना २०-२५ मिमी सरकायला जागा ठेवा. गिअरबॉक्सचा कोन आणि पिनियनचा (एक्सलमध्ये शिरणाऱ्या दांड्याचा) कोन समांतर ठेवा, प्रत्येक क्रॉसला १ ते ३ अंश. अगदी शून्यही नको, सुया एकाच जागी बसून खड्डा पाडतात. दोन्ही टोकांचे योक एकाच रेषेत आणि मग बॅलन्सिंग. ६० ते ७० च्या वेगाला सीटखाली गुणगुण आली की शाफ्ट किंवा कोन, दुसरं शोधत बसू नका.

इंदिरानगर_फियाट

खूप आभार, डोळे उघडले. दोन शंका. मागचा एक्सल मूळचाच ठेवला तर गिअर जुळतील का? आणि मूळ स्पीडोमीटर ठेवायचाय, डॅश बदलायचा नाही.

अंबड_लेथ

एक्सलचं गुणोत्तर पुस्तकावरून धरू नका, कधी कोणी काय बसवलंय सांगता येत नाही. मोजा. गाडी न्यूट्रलला, पुढच्या चाकांना ओट, मागचं एक चाक जमिनीवर, दुसरं स्टँडवर. शाफ्टवर आणि उचललेल्या चाकावर खडूची रेघ ओढा. चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. शाफ्ट जितके फेरे फिरला तेच गुणोत्तर. एक चाक धरलेलं असलं की डिफरन्शियल निम्मं करतो, म्हणून दोन फेरे.

समजा ४.३ आलं. चाकाचा घेर १.८५ मीटर धरला तर ताशी ८० ला चाक मिनिटाला ७२० फेरे घेतं. मूळ गाडीत टॉपला, म्हणजे १.००० ला, इंजिन ३,१०० च्या आसपास. जिप्सीच्या पाचव्याला २,४६० च्या आसपास. मुंबई-आग्रा रस्त्यावर सुखाचं. घाटात पाचवा विसरायचा, तिथे चौथा म्हणजे तुमचा जुना टॉपच. जिप्सीत ट्रान्स्फरचा हायसुद्धा १.४०९ ने वेग कमी करतो, तो इथे नाही, त्यामुळे सगळे गिअर जिप्सीपेक्षा लांब वाटतील. गाडी हलकी आहे म्हणून चालतं. पण पहिल्या गिअरला १०३ गुणिले ३.६५२ म्हणजे ३७६ न्यूटन मीटर शाफ्टवर येतात. एक्सल जुना आहे, क्लच झटक्यात सोडायचा नाही.

स्पीडोमीटरची केबल जिप्सीत ट्रान्स्फर केसमधून निघते, गिअरबॉक्समधून नाही. ट्रान्स्फर काढला की केबल लावायला जागाच नाही, हे बहुतेकांना गाडी चालू झाल्यावर कळतं. शाफ्टच्या फ्लँजवर चुंबकाची कडी, समोर सेन्सर, आणि त्यावरून केबल फिरवणारी छोटी मोटर, असं केलं तर मूळ डायल राहतो. ब्रॅकेटची जागा शाफ्ट बनवतानाच सोडा.

सिडको_वायरिंग

पेट्रोल आणि विजेचं राहिलं, तिथेच या गाड्या अडतात.

कार्ब्युरेटरच्या पंपाचा दाब पाव बारच्या आसपास. इंजेक्शनला अडीच ते तीन बार. म्हणजे जुनी पाइप, जुने क्लॅम्प, जुना फिल्टर यातलं काहीच चालत नाही. इंजेक्शनच्या प्रेशरचा होज आणि त्याचेच गोल क्लॅम्प. पंपाकडून येणारी एक लाइन आणि टाकीत परत जाणारी दुसरी. परतीची लाइन गाळून चालत नाही, रेग्युलेटरने सोडलेलं पेट्रोल जाणार कुठे? जुन्या टाकीत आत आडवे पत्रे पुरेसे नसतात. पेट्रोल पाव टाकीवर आलं आणि घाटात लांब वळण घेतलं की पंप हवा ओढतो, इंजिन गचका खातं. त्यावर उपाय एक ते दीड लिटरची मधली छोटी टाकी. टाकीत गंज असेल तर आधी धुऊन घ्या. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, ते जुना गंज आणि गाळ सोडवतं आणि जुनी रबरं फुगवतं. पंपाचा रिले ईसीयूच्याच हुकमावर ठेवा. किल्लीवर थेट दिला तर अपघातात इंजिन बंद पडलं तरी पंप पेट्रोल फेकत राहतो.

ईसीयू केबिनमध्ये, ग्लव्हबॉक्सच्या मागे, पाणी न लागेल असा. वायरिंगची लांबी वाढवायची तर जोड वळून टेप मारू नका, सोल्डर आणि हीटश्रिंक. इंजिन ते बॉडी जाड अर्थ पट्टी आणि बॅटरी ते बॉडी दुसरी. पहिली विसरली की स्टार्टरचा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परततो, केबल तापते आणि चिकटते. ॲक्सिलरेटर उघडा राहणं काय असतं ते सांगायला नको. ऑक्सिजन सेन्सर मनीफोल्डजवळच, कॅटसकट (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसकट). सेन्सर दोन फूट मागे नेला तर तो वेळेवर तापत नाही, इंजिन जास्त पेट्रोल पितं आणि पीयूसीत नापास होतं.

कूलिंगमध्ये जुना पितळी रेडिएटर वापरण्याचा मोह होतो. नव्या टोपणाचा दाब ०.९ बारच्या घरातला असतो, जुन्या रेडिएटरच्या टाकीचा डाग (झाळलेला जोड) तिथे सुटतो. ॲल्युमिनियम हेड एकदा तापलं की वाकतं. पंख्याला चारही बाजूंनी श्राउड (हवा वळवणारं आवरण) हवा, नाहीतर पंखा तीच गरम हवा फिरवत बसतो. पाणी नळाचं नको, अर्धं कुलंट अर्धं डिस्टिल्ड. हीटर नसेल तर हीटरच्या दोन तोट्या बुच मारून बंद करू नका, एकमेकींना जोडा.

जुनं_तेच_सोनं

सगळ्यांनी मेहनतीने लिहिलंय. पण मूळ प्रश्न परत वाचा: सपाटीला ठीक, चढाला दम नाही, तापते, धूर नाही. ही रिंग गेल्याची लक्षणं नाहीत. धूर नसलेलं इंजिन बदलायचं कारण काय, हे आधी मोजून ठरवा. कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारा) घ्या. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आधी लावून घ्या, घट्ट टॅपेट खोटं कमी रीडिंग देतो. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, कॉइलची वायर काढलेली, बॅटरी भरलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा झटके, आकडा लिहा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून परत. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, समुद्रसपाटीच्या आकड्यापेक्षा सहा-सात टक्के कमी येणारच. चारांतला फरक महत्त्वाचा. आकडे इथे टाका.

इंदिरानगर_फियाट

आज घेतले, पीएसआय मध्ये. पुढून १: १२८, २: १३०, ३: ८४, ४: ८०. तेल घालून १: १३८, २: १४०, ३: ८६, ४: ८३. टॅपेट आधी लावले होते. आणि हो, रेडिएटरमध्ये आठवड्याला ग्लासभर पाणी घालावं लागतं, ते मी पहिल्यांदा लिहिलं नव्हतं.

जुनं_तेच_सोनं

मग इंजिन शोधणं थांबवा. तीन आणि चार शेजारी आहेत, दोघं सारखेच पडलेत आणि तेलाने हलले नाहीत. रिंग गेल्या असत्या तर तेलाने आकडा बराच चढला असता. व्हॉल्व्ह जळाला असता तर सहसा एकच सिलिंडर पडतो. तीन-चारच्या मधल्या पट्टीत हेड गॅस्केट फुटलंय, आणि पाणी कमी होतंय म्हणजे फूट पाण्याच्या वाटेपर्यंत पोचली असावी. खात्रीसाठी थंड इंजिनला रेडिएटरचं टोपण काढा, पाणी काठोकाठ भरा, चालू करून जरा रेस द्या. थर्मोस्टॅट उघडायच्या आधीच बारीक बुडबुड्यांची रांग दिसली तर शंका उरत नाही. इंजिन गरम असताना टोपणाला हात लावू नका.

हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. पूर्ण थंड असतानाच खोला, नट बाहेरून आत, थोडे थोडे. गॅस्केट काढल्यावर हेडवर सरळ पट्टी उभी, आडवी आणि दोन्ही तिरप्या ठेवून फीलर गेज फिरवा. ०.०५ मिमीचं पान आत गेलं तर हेड फेसिंगला (घासून सपाट करायला) द्या. ब्लॉकवरही तीन-चारच्या मधे नख फिरवा, गॅसने खाच पाडली असेल तर नवीन गॅस्केटही तिथेच जाईल. स्टडचे आटे साफ करा. कसताना मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने. पहिल्यांदा गरम होऊन थंड झाल्यावर परत एकदा कसून टॅपेट पुन्हा लावा.

हेड वर आहेच तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडी) बघा. शिसं असलेलं पेट्रोल देशभरात फेब्रुवारी २००० पासून बंद झालं, त्या आधीच्या इंजिनांच्या सीट हळूहळू आत बसतात. कडक सीट टाकायची हीच वेळ.

आणि गॅस्केट आपोआप जात नाही. रॉडिंग झालंय म्हणता, तरी वॉटर पंपाची पाती, पट्ट्याचा ताण, थर्मोस्टॅट आणि टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) तपासा. टायमिंग मागे असलं तरी घाटात अगदी हेच होतं: ओढ नाही आणि हेड तापतं.

त्र्यंबकरोड

हे आकडे बघता मीही इंजिन बदला म्हणणार नाही. ब्रेकचं मात्र सोडू नका. मूळ इंजिन ठेवलंत तरी कसारा उतरताना एकाच सर्किटवर भरवसा ठेवायचा नाही. मास्टर सिलिंडर बदलायच्या आधी वरच्यांनी सांगितलं तसा लेखी अर्ज पेठ रोडला द्या. तोवर चाकांचे सिलिंडर, रबरी नळ्या आणि जुनं तेल तरी बदलून घ्या.

इंदिरानगर_फियाट

बुडबुडे दिसले, थंड इंजिनला, दोन मिनिटांच्या आत. शनिवारी हेड उतरवतोय. फेसिंगला सातपूर की अंबड, कुठे नेऊ?

अंबड_लेथ

कुठेही न्या, पण हेडबरोबर नवीन गॅस्केटही न्या आणि सांगा की जेवढं लागेल तेवढंच काढा. किती काढलं तो आकडा बिलावर लिहून घ्या. पुढच्या वेळी हेड उघडणाऱ्याला तो लागतो.